वाळू गाते, पण अटीवर

कोतोबिकिहामाच्या पुळणीवर चालायची एक खास रीत आहे. पाऊल उचलून टाकायचं नाही. टाच रोवायची आणि पाय पुढे ढकलत, घासत न्यायचा. वाळू कोरडी असेल आणि दिवस चांगला असेल, तर टाचेखालून आवाज येतो : क्युक्, क्युक्. लहान, टोकदार आणि अगदी स्पष्ट. पहिल्यांदा आलेला माणूस थबकतो, वाकतो आणि मूठभर वाळू उचलून निरखू लागतो. मुठीत असते ती साधीच वाळू. फिकट, बारीक, उन्हात किंचित चकाकणारी. ती बोटांतून सोडली की मुकाट्याने खाली पडते. दाबून सरकवली की बोलते.

जपानच्या मुख्य बेटाच्या जपान समुद्राकडच्या बाजूला, क्योटो प्रांताच्या उत्तर टोकाशी तांगो नावाचं द्वीपकल्प आहे. क्योटो म्हटलं की देवळं, बागा आणि पर्यटकांची गर्दी डोळ्यांसमोर येते. पण त्याच प्रांताचा हा समुद्राकडचा कोपरा मासेमारी, भातशेती आणि रेशीम विणणाऱ्या मागांवर जगत आला आहे. ‘तांगो चिरिमेन’ हे किमोनोसाठी वापरलं जाणारं चुणीदार रेशमी कापड इथलंच. इथे आमिनो नावाचं छोटं गाव होतं. २००४ साली शेजारच्या पाच गावांसह त्याचं क्योतांगो हे शहर झालं. शहर कागदावरचं, किनाऱ्यावरच्या वस्त्या होत्या तशाच राहिल्या. पाइनच्या झाडीपलीकडे सुमारे १.८ किलोमीटर पसरलेली पुळण म्हणजे कोतोबिकिहामा. जपानचं तेरा तारांचं पारंपरिक वाद्य म्हणजे कोतो. त्याच्यावरूनच पुळणीला नाव मिळालं. तिच्या एका भागाला ताइकोहामा म्हणतात. ताइको म्हणजे ढोल. तिथे जोरात पाय आपटला की खालून घुमल्यासारखा आवाज येतो. म्हणजे एकाच किनाऱ्यावर तंतुवाद्यही आहे आणि तालवाद्यही.

वाळूच्या आवाजाने माणसं फार पूर्वीपासून चक्रावली आहेत. मार्को पोलोने मध्य आशियातल्या लोप वाळवंटाबद्दल लिहिताना तिथे वाद्यांचे, विशेषतः ढोलांचे आवाज ऐकू येतात असं नमूद केलं आणि त्याचा संबंध भुताखेतांशी जोडला. ‘बीगल’ जहाजावरून जगप्रवासाला निघालेला चार्ल्स डार्विन १८३२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळून घोड्यावर बसून जात होता. घोड्यांच्या टापांखाली वाळू चिवचिवते, अशी नोंद त्याने केली. १८८०च्या दशकात हेन्री कॅरिंग्टन बोल्टन आणि अलेक्सिस ज्युलियन या दोघा अमेरिकन संशोधकांनी ठिकठिकाणच्या बोलक्या वाळूचे नमुने गोळा करायचा ध्यास घेतला.

या सगळ्या नोंदींतून हळूहळू दोन घराणी वेगळी झाली. वाळवंटातल्या उंच टेकड्यांवरून वाळू घसरते तेव्हा विमान जवळून गेल्यासारखा खर्जातला घोष उमटतो आणि तो कधीकधी मिनिटभर टिकतो. किनाऱ्यावरच्या वाळूचा आवाज मात्र क्षणभराचा आणि चढ्या पट्टीतला असतो : साधारण पाचशे ते अडीच हजार हर्ट्झ. काळी एकचा षड्ज धरला तर तार षड्ज ५५४ हर्ट्झला लागतो. म्हणजे ही वाळू बोलू लागते तीच तार सप्तकाच्या उंबरठ्यावर.

हा आवाज नेमका कुठून येतो?

सुरुवात डोंगरापासून करावी लागते. तांगोच्या पाठीमागच्या डोंगरांत ग्रॅनाइट आहे. ग्रॅनाइट ऊनपावसात झिजतो तेव्हा त्यातली मऊ खनिजं कुजतात, त्यांची माती होते. गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, मात्र टिकून राहते. ती कठीण असते आणि पाण्यात विरघळत नाही. नद्या-ओढे तिचे कण समुद्रात आणतात. तिथे लाटा ते घोळवतात, टोकं झिजवतात, जड-हलके आणि लहान-मोठे कण निवडून वेगळे करतात. जपान समुद्रात भरती-ओहोटीतला फरक जेमतेम फूटभराचा. कोकणात हाच फरक दोन-तीन मीटरचा असतो. तांगोत सगळं काम लाटांचं. हिवाळ्यात वायव्येकडून मोसमी वारे सुटतात, समुद्र खवळतो आणि पुळण ढवळून निघते. उन्हाळ्यात समुद्र निवतो, वरची वाळू कोरडी पडते. डोंगरातल्या खडकाचा तुकडा अशा असंख्य हिवाळ्यांतून गेला की त्याचा जवळपास गोल, गुळगुळीत आणि शेजाऱ्याच्याच मापाचा कण होतो.

आता पायाखाली काय घडतं ते पाहू. याचा अर्धा पुरावा कुठल्याही किनाऱ्यावर मिळतो. ओल्या, घट्ट बसलेल्या वाळूवर पाऊल ठेवलं की पावलाभोवतीची वाळू एकदम पांढुरकी, कोरडी दिसू लागते. वास्तविक दाबल्यावर पाणी वर यायला हवं. इथे ते खाली शोषलं जातं. हे कोडं १८८५ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स या भौतिकशास्त्रज्ञाने सोडवलं. कण एकमेकांच्या खाचांत घट्ट बसलेले असतात. त्यांना बाजूला सरकायचं तर आधी शेजारच्या कणाच्या पाठीवर चढावं लागतं. चढताना मधल्या फटी रुंदावतात आणि पाणी त्या वाढलेल्या जागेत उतरतं. थोडक्यात, घट्ट बसलेली वाळू सरकवली की फुगते.

कोरड्या वाळूतही हेच होतं. फक्त फटींत पाण्याऐवजी हवा असते. टाच पुढे ढकलली की वाळूचा एक पातळ थर खालच्या थरावरून सरकतो. वरचा कण खालच्या कणावर चढतो, पलीकडच्या खाचेत उतरतो, पुन्हा चढतो, पुन्हा उतरतो. एका कणाने असं केलं तर ते कुणाला कळणारही नाही. पण कण एकाच मापाचे आणि गोल असतील, तर असंख्य कणांची चढ-उतार एका लयीत येते. मग अख्खा थर मिळून वरखाली थरथरतो, वाळूचा पृष्ठभाग लाउडस्पीकरच्या पडद्यासारखा हवेला हलवतो आणि आपल्याला सूर ऐकू येतो. साधा हिशेब करता येतो. कण अर्ध्या मिलिमीटरचा धरला आणि सेकंदाला ५०० वेळा चढ-उतार झाली, तर थर थरावरून सेकंदाला २५ सेंटिमीटर वेगाने सरकतो. पाय घासत नेण्याच्या वेगाशी हे जुळतं.

कणांची ही लय जुळते कशी, यावर मात्र अजून एकमत नाही. वाळवंटातल्या वाळूच्या घोषावरून गेल्या काही दशकांत फ्रान्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांची चांगलीच जुंपली आहे. एका बाजूचं म्हणणं, सूर कणांच्या मापावर ठरतो. दुसरी बाजू म्हणते, टेकडीच्या आतले वाळूचे थर लाटांना कोंडून ठेवतात आणि सूर त्यावर ठरतो. या घोषाच्या अभ्यासाचा पाया घालणारा ब्रिटिश अभियंता राल्फ बॅग्नोल्ड. त्याने वाळवंटात वाळूचा अभ्यास केला आणि १९६६ मध्ये तिच्या आवाजामागचं गणित मांडलं. तेव्हापासून सुरू झालेली ही चर्चा थांबलेली नाही. जमिनीवर सर्वत्र पसरलेल्या वस्तूबद्दल एवढं साधं कोडं शिल्लक असावं, हे मला फार लोभस वाटतं.

एका गोष्टीवर मात्र कुणाचं दुमत नाही. किनाऱ्यावरची वाळू गाते ती स्वच्छ असेल तरच. स्वच्छ म्हणजे वरवर कचरा नसलेली एवढंच नव्हे, तर कणाकणाचा पृष्ठभाग उघडा असलेली. गारगोटीच्या दोन स्वच्छ पृष्ठभागांत घर्षण भरपूर असतं; कण एकमेकांना धरतात, मग सुटतात आणि त्या धरण्या-सुटण्यातच आवाज दडलेला असतो. मध्ये बारीक धूळ आली, तेलाचा पातळ थर आला किंवा कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याचं बुळबुळीत आवरण चढलं की कण नुसते घसरतात. बारीक कण मोठ्या कणांच्या फटींत अडकले तरी लय मोडते. वाळू दिसायला तशीच राहते. पांढरी, सुंदर, फोटोत देखणी. फक्त गप्प होते.

हे जपानला नेटाने पटवून दिलं ते क्योटोच्या दोशिशा विद्यापीठातले प्राध्यापक शिगेओ मिवा यांनी. मिवा चूर्ण-अभियांत्रिकीचे माणूस. पीठ, सिमेंट, औषधाची पूड अशा सगळ्या भुकट्या कशा वागतात, याचा अभ्यास हा त्यांचा पेशा. दगडी जात्यांचे ते जाणकार होते. जपानमधल्या पारंपरिक जात्यांवर त्यांनी पुस्तकं लिहिली. दळणाच्या विज्ञानातून हा माणूस वाळूच्या गाण्याकडे आला, यात नवल नाही. दगड दगडावर फिरतो, मधला कण झिजतो, पीठ बारीक-जाड पडतं. समुद्रकिनारी तेच चालू असतं, फक्त फिरवणारा हात लाटांचा. मिवांनी जपानभरच्या बोलक्या किनाऱ्यांची पाहणी केली आणि त्यांच्या लक्षात आलं, की एकेक किनारा मुका होत चालला आहे. कुठे सांडपाणी येत होतं, कुठे बंदराच्या भिंतींनी वाळूची ये-जा अडवली होती. पण त्यांना उपायही सापडला. मुकी झालेली वाळू स्वच्छ पाण्यात पुन्हापुन्हा, चिकाटीने धुतली तर ती परत बोलू लागते. इतकंच नाही, बाटलीत स्वच्छ वाळू आणि पाणी भरून ती ठरावीक पद्धतीने हलवली तर बेडकाच्या डरावासारखा आवाज येतो. त्यांनी तिला नावच दिलं, बेडूक-वाळू. बाटलीत घाणीचा अंश गेला की बेडूकही गप्प.

प्रदूषण मोजायला प्रयोगशाळा लागतात, नमुने लागतात, अहवाल लागतात. कोतोबिकिहामाला अहवालाची वाट बघावी लागत नाही. टाच घासली की निकाल हातात. शाळकरी पोरालाही कळतो आणि आजीलाही. इथल्या रहिवाशांनी १९८७ मध्ये वाळू वाचवण्यासाठी मंडळ काढलं, त्यामागे हेच होतं. आवाज गेला तर तो गेल्याचं गावात सगळ्यांनाच कळणार होतं.

त्यांची खरी परीक्षा दहा वर्षांनी झाली. २ जानेवारी १९९७ रोजी ‘नाखोदका’ हे रशियन तेलवाहू जहाज वादळी समुद्रात ओकी बेटांच्या उत्तरेकडे मोडलं. १९७० साली बांधलेलं हे जहाज शांघायहून कामचात्काकडे सुमारे १९,००० किलोलिटर जड इंधन तेल घेऊन निघालं होतं. त्यातलं ६,००० किलोलिटरहून अधिक तेल समुद्रात सांडलं. मागचा भाग बुडाला. पुढचा भाग उलटा तरंगत फुकुई प्रांतातल्या मिकुनीच्या खडकांना जाऊन लागला. हिवाळी वाऱ्यांनी तेल जपानच्या किनाऱ्याकडेच ढकललं आणि शिमानेपासून अकितापर्यंतच्या किनारपट्टीवर काळे, चिकट गोळे येऊन पडले. तांगोही सुटलं नाही.

जानेवारीतला जपान समुद्र म्हणजे बोचरं वारं आणि बर्फ. त्यात लोक उतरले. बादल्या, डाव, फावडी आणि चाळण्या घेऊन गावकरी आणि देशभरातून आलेले स्वयंसेवक तेल उपसू लागले. जपानमध्ये स्वयंसेवेची लाट १९९५च्या कोबे भूकंपापासून उठली होती. दोनच वर्षांनी ती इथे किनाऱ्यावर दिसली. कोतोबिकिहामावर काम अधिक किचकट होतं. दुसऱ्या किनाऱ्यावर मोठे गोळे उचलले की बरंचसं काम झालं असं म्हणता येतं. इथे तेलाचा बारीकसा कणही पुरेसा होता. म्हणून वाळू चाळून, हाताने वेचून ती साफ करावी लागली. आवाज परत येईपर्यंत काम संपलं असं कुणी म्हणू शकत नव्हतं. तो आला.

या अनुभवातून गाव आणखी कडक झालं. २००१ मध्ये आमिनोच्या नगरपालिकेने या पुळणीवर धूम्रपानाला बंदी घातली. जपानमध्ये समुद्रकिनाऱ्यावर असा नियम करणारं ते पहिलं गाव. फटाके आणि शेकोट्यांनाही मनाई झाली. सिगारेटची राख आणि थोटकं वाळूच्या कणांत मिसळली की काय होतं, हे आता आपल्याला सांगायला नको. २००७ मध्ये राष्ट्रीय सरकारने कोतोबिकिहामाला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. त्यामुळे इथली वाळू नेणं हाही आता गुन्हा आहे.

नियमांसोबत एक सुंदर प्रथाही आहे. १९९४ पासून इथे अनवाणी पायांची मैफल भरते. तिकीट पैशात नसतं. पुळणीवरचा कचरा गोळा करून आणायचा, तो दाखवला की प्रवेश. पिशवीत काय काय येतं? मासेमारीच्या दोऱ्या, प्लास्टिकच्या बाटल्या, बोयांचे तुकडे. बऱ्याच बाटल्यांवरची अक्षरं कोरियन किंवा चिनी असतात, कारण दक्षिणेकडून वर जाणारा त्सुशिमा प्रवाह आणि हिवाळी वारे मिळून पलीकडच्या किनाऱ्यांचा कचरा इथे आणून टाकतात. गावाने कितीही नियम केले तरी समुद्र शेजाऱ्यांचा आहेच. वाळू धुणारं पाणी आणि वाळू घाण करणारं पाणी एकच.

कोतोबिकिहामासारख्याच वाळूचं आणखी एक गाव बघायला हवं. याच किनाऱ्याने पश्चिमेकडे गेलं की शिमाने प्रांतातलं निमा लागतं. तिथल्या माजी नावाच्या छोट्या स्टेशनाजवळ कोतोगाहामाची पुळण आहे. २०१७ मध्ये तिलाही राष्ट्रीय नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. दंतकथा अशी : ११८५ मध्ये दान्नोउराच्या लढाईत हेइके घराण्याचा पाडाव झाला आणि त्या घराण्यातली एक राजकन्या कोतो छातीशी धरून होडीतून वाहत या किनाऱ्याला लागली. गावकऱ्यांनी तिला सांभाळलं. ती त्यांना रोज वाजवून दाखवायची. ती गेली आणि त्यानंतर वाळू वाजू लागली. निर्वासिताला आसरा दिल्याचं फळ म्हणून गावाला सूर मिळाला, हे इथल्या लोकांना सांगायला आवडतं.

त्याच निमा गावात १९९१ मध्ये वाळूचं संग्रहालय उभं राहिलं. शिन ताकामात्सु या वास्तुरचनाकाराने काचेचे सहा पिरॅमिड बांधले. सर्वांत मोठ्या पिरॅमिडमध्ये छताजवळ टांगलेलं वाळूचं घड्याळ आहे. उंची पाच मीटरच्या वर, आत एक टन वाळू आणि ती खाली पडायला लागतं बरोबर एक वर्ष. मार्गदर्शन पुन्हा मिवांचं. हिशेब करून पाहा : एक टन वाळू वर्षभराच्या सेकंदांत वाटली तर दर सेकंदाला ०.०३२ ग्रॅम, म्हणजे चिमूटभरही नाही. इतकी बारीक धार वर्षभर न तुंबता पडायची तर कण फार सारखे आणि फार कोरडे हवेत. म्हणून वाळू शोधत शोधत ती यामागाता प्रांतातून आणली गेली. दर वर्षी ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री, येणाऱ्या वर्षाच्या राशिचक्रातल्या प्राण्याच्या सालात जन्मलेली १०८ माणसं दोर ओढून हे घड्याळ उलटं करतात. जपानी बौद्ध मंदिरांत वर्ष सरताना घंटेचे जितके ठोके देतात, तितकीच ही माणसं.

आता मराठी वाचकाच्या मनातला प्रश्न : आपला किनारा का गात नाही? कोकणच्या मोठ्या पट्ट्यावर मागचा डोंगर सह्याद्रीचा आणि सह्याद्री बेसॉल्टचा. बेसॉल्टमध्ये सुटी गारगोटी जवळजवळ नसतेच. त्यात शिंपल्यांचा चुरा आणि खाड्यांतून येणारा गाळ मिसळतो. दक्षिणेकडे सिंधुदुर्गात गोष्ट थोडी वेगळी. तिथे जुने, गारगोटी असलेले खडक आहेत. सिलिका वाळूच्या खाणीही आहेत. म्हणजे कच्चा माल आहे. बाकीच्या अटी पुऱ्या होतात की नाही, हे पायाने तपासावं लागेल.

आणि ते घरीही तपासता येतं. जिथे वाळू उचलायला मनाई नाही अशा ठिकाणची ओंजळभर, फिकट रंगाची वाळू घ्या. चाळणीने शिंपल्यांचे तुकडे आणि धूळ वेगळी करा. ती वाळू स्वच्छ पाण्यात इतक्या वेळा खळबळून धुवा की वरचं पाणी पूर्ण नितळ राहील. साबण अजिबात वापरू नका, कारण त्याचा थर कणांवर बसतो. नंतर ती कढईत किंवा उन्हात पूर्ण कोरडी करा, चिनी मातीच्या वाडग्यात चार बोटं भरा आणि लाकडी बत्त्याने झटक्यात दाबा. पहिल्या धुण्यानंतर बहुतेक काहीच ऐकू येणार नाही. पुन्हा धुवा. वाळूत गारगोटी पुरेशी असेल, तर कधीतरी बत्त्याखालून तो चिवचिवाट येईल. नसेल, तर वाळू गप्प राहील आणि तुमच्या किनाऱ्यामागचा डोंगर कोणत्या दगडाचा आहे, हे तुम्हाला भूगोलाच्या पुस्तकापेक्षा पक्कं समजलेलं असेल.